स्लायडरकाका

आकुर्डी-प्राधिकरणाच्या पट्ट्यात कुठल्याही सोसायटीत शिरा, एखादा स्लायडरकाका सापडतोच. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमधून रिटायर झालेला, हाताला काम नसलेला. एके दिवशी नातीचं भूमितीचं पुस्तक चाळताना त्याला जिओजेब्रा नावाचा गणिताचा प्रोग्रॅम भेटतो (बालभारतीनंच नववी-दहावीच्या पुस्तकांत तो वापरून पाहायला सुचवलंय) आणि घरातल्या टीव्हीवरच्या मालिका कायमच्या बंद होतात.

मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियातल्या विद्यार्थ्यानं २००१ मध्ये साल्झबर्गला हा प्रोग्रॅम सुरू केला. आमचे काका ही हकिगत सांगतात ती जणू तो पोरगा त्यांच्याच हाताखाली अप्रेंटिस होता अशा थाटात. ‘आणि फुकट!’ हे मात्र दोनदा.

काकांचा जीव स्लायडरवर. ठिपका सरकवला की ‘ए’ची किंमत वाढते, वाटीसारखा वक्र अरुंद होतो, शून्यावर आडवा झोपतो, उण्यात गेला की पालथा पडतो. तयार मिळणारा स्लायडर उणे पाच ते पाच असतो, आणि काकांचा संसारही आता तेवढ्यात बसलाय.

‘अहो, आमटीत मीठ कसं झालंय?’

‘उणे दोन.’

काकूंनी हल्ली विचारणं सोडलंय.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून काकांची पोरांना टीव्हीवर शिकवणी गुरुवारी. (काका रिटायर झालेत हे कॅलेंडरला अजून कुणी कळवलेलं नाही.) परवाचा विषय अर्धवर्तुळातला कोन. व्यासाची दोन टोकं पक्की, तिसरा बिंदू कंसावर मोकळा. काका तो फिरवत राहिले. कोन नव्वदचा हलेना. पोरं खूश. तेवढ्यात एका कार्ट्यानं बिंदू ओढत नेऊन थेट व्यासाच्या टोकावर ठेवला. नव्वद गायब!

‘काका, नव्वद गेले कुठं?’

‘तिथं न्यायचंच नाही!’ काका गरजले. सुपरवायझरचा आवाज अजून शाबूत आहे.

वास्तविक हा सिद्धांत काकांच्या हातात तीस-पस्तीस वर्षं होता. लाकडी कोअर बॉक्सची अर्धगोल खाच बरोबर उतरली का, हे पॅटर्नमेकर काटकोनी गुण्या लावून बघतो. गुण्याच्या दोन्ही बाजू खाचेच्या कडांना टेकवून तो फिरवायचा. कोपरा तळाला सगळीकडे घासत गेला तर खाच पास. ही गोष्ट त्यांनी पोरांना सांगितली तेव्हा मी पहिल्यांदा त्या टीव्हीकडे पाठ केली. पडद्यापेक्षा ती फार सरस होती.

पण नात नववीत, आणि बोर्डाची तयारी आतापासून.

‘आजोबा, पेपरात सिद्ध करा म्हणतात.’

‘अगं, शंभर जागी तपासलं की!’

‘आणि एकशे एकावी जागा?’

इतक्यात वीज गेली. गुरुवार म्हटल्यावर जायचीच. नातीनं मोबाइलच्या उजेडात वही उघडली, केंद्रापासून मोकळ्या बिंदूपर्यंत त्रिज्या काढली. दोन समद्विभुज त्रिकोण पडले. एकात क्ष आणि क्ष, दुसऱ्यात य आणि य. चारही मिळून एकशे ऐंशी, म्हणून क्ष अधिक य नव्वद. आटोपलं.

काका बराच वेळ वहीकडे बघत होते.

‘हा क्ष कितीही घेतला तर चालेल?’

‘हो. फक्त शून्य आणि नव्वद सोडून. तिथं त्रिकोणच उरत नाही.’

‘मग मी काय सांगत होतो मघापासून?’ काका ताठ बसले. ‘टोकाला न्यायचंच नाही!’