उचंत खाते भरभराटीला आणण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर. तेव्हा बँकेचे स्टेटमेंट टॅलीत उतरवण्याचे काम २५ तारखेच्या आत हाती घेऊ नये. जळगावच्या दाणाबाजारातला व्यापारी असो की धुळ्याच्या आग्रा रोडवरचा दुकानदार, त्याने वर्षभराच्या पीडीएफ सीएच्या व्हॉट्सॲपवर एकदम टाकाव्यात आणि विचारल्याशिवाय पासवर्ड सांगू नये. मजकूर एक्सेलमध्ये आला की तारखांना हात लावू नये. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर महिना आधी वाचला जातो. एप्रिलचे पहिले १२ दिवस बारा महिन्यांच्या ४ तारखांवर जाऊन बसतात आणि १३ तारखेपासूनचे दिवस तारीखपण गमावून नुसती अक्षरे होतात. यूपीआयचा १२ आकडी क्रमांक एक्सेल आखडून दाखवतो. तो तसाच सीएसव्हीत साठवावा, म्हणजे पुन्हा सापडत नाही. जमा-नावेही बँकेचेच उचलावे. पैसे आले की बँक तिच्या वहीत आपल्याला जमा देते, तर आपल्या वहीत बँक नावे पडते, ही उलटापालट लक्षात ठेवू नये. एवढे करून जे ओळखू येणार नाही, ते उचंत खात्यात ढकलावे.

कोणी म्हणेल, पीडीएफ वाचून टॅलीसाठी एक्सएमएल फाइल करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, मग हा उपद्व्याप कशाला? तारखा आणि रकमा ती सुधारतील, हे कबूल. पण रावेरचा केळी व्यापारी एकाच शेतकऱ्याला कधी बागेपोटी आगाऊ रक्कम देतो, कधी मालाचे पैसे चुकते करतो, कधी त्याच्या ट्रॅक्टरचे भाडे. स्टेटमेंटमध्ये तिन्ही ओळी जुळ्या बहिणींसारख्या. नावावरून खाते ओळखायचा नियम सॉफ्टवेअरला शिकवला, तर भाडेही केळी खरेदीत जाईल. पूर्वी चूक हाताने व्हायची, आता आपोआप होईल, एवढीच प्रगती. ‘पण शिल्लक तर जुळते ना?’ जुळते. घरच्या लग्नाचा मांडव मालखरेदीत घातला तरी ती पैशानपैसा जुळते. शिल्लक पैसा किती उरला ते सांगते, तो कशासाठी गेला ते नव्हे.

जुन्या कीर्दीत मुनीम रकमेशेजारी कोणाच्या हस्ते आणि कशाबाबत हे लिहून ठेवत असे. खतावणी त्या ‘बाबत’वर उभी राहायची. बँकेला ती बाबत माहीत नसते, आणि जे मूळ कागदावरच नाही ते रूपांतर करणारा आणणार कुठून? म्हणून अखेरचा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : यूपीआयने पैसे पाठवताना टीप लिहायला जागा असते, ती कटाक्षाने रिकामी सोडावी. तिथे ‘ट्रॅक्टर भाडे’ असे दोन शब्द पडले, तर उचंत खाते उपाशी मरेल आणि २५ सप्टेंबरला करायला काही उरणार नाही.