अडकित्त्याचं वय

निपाणीकडच्या आजोबांच्या चंचीतला गंजका अडकित्ता ऑनलाइन लिलावात चढला की एका रात्रीत 'दुर्मीळ, पेशवेकालीन' होतो. आणि गंज? गंज नव्हे हो, 'पॅटिना'! घडीच्या चाकूचंही तेच. काल पेरू कापत होता, आज 'संस्थानी' झाला. पण 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभरी गाठलेली अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, तिचा धंदा करायलाही परवाना लागतो. म्हणजे वय फुगवावं तर कायदा आडवा, खरं सांगावं तर गिऱ्हाईक फिरकत नाही. बरं, मूळ ठिकाणाच्या रकान्यात काय भरायचं, महाराष्ट्र की कर्नाटक? निपाणीसह सीमाभाग कुणाचा, हा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.