बोटभर माशाचा कट

आग लागली की माणसं पाण्याकडे धावतात, ही जुनी पद्धत झाली. आता आधी आरोपी शोधायचा असतो. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरउतारांवरची घरं जळू लागली आणि दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी आरोपी जाहीरही केला : डेल्टा स्मेल्ट. लांबी पाच-सात सेंटिमीटर, आयुष्य जेमतेम वर्षभराचं, अंगाला काकडीसारखा वास, राहणार सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या वरचा त्रिभुज प्रदेश. घटनास्थळापासून शेकडो किलोमीटर लांब! पण खरा सूत्रधार घटनास्थळी सापडतो कधी?

आरोप असा की, या निरुपयोगी माशाला जगवण्यासाठी उत्तरेतलं पाणी समुद्राला दिलं गेलं, म्हणून दक्षिणेतले अग्निशमनाचे नळ कोरडे पडले. त्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियातले मोठे जलाशय चांगले भरलेले होते. नळ आटले, कारण शहराची जलवाहिनी घराची आग विझवण्यासाठी आखलेली असते, अख्ख्या डोंगराची नव्हे. शिवाय त्याच भागातला सुमारे 44 कोटी लिटरचा सांता यनेझ जलाशय रिकामा होता, त्याचं आच्छादन फाटलं होतं म्हणून. तेही माशानेच कुरतडलं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. सवड मिळाली नसेल.

माशाचा खरा गुन्हा वेगळाच आहे. शास्ता, ओरोव्हिल या धरणांचं पाणी नदीवाटे त्रिभुज प्रदेशात येतं आणि ट्रेसीजवळचे अजस्र पंप ते दक्षिणेकडे ओढतात. कधी कधी इतक्या जोराने, की तिथल्या नद्या चक्क उलट्या वाहतात आणि मासे पंपांकडे खेचले जातात. 1993 मध्ये स्मेल्ट संरक्षित यादीत आला, तेव्हापासून ठरावीक काळात पंप जरा आवरते घ्यावे लागतात. पाऊस बरा झालेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात धरणांतून थोडा जास्त विसर्ग करून निमखाऱ्या पाण्याची सीमा समुद्राकडे रेटायची, म्हणजे स्मेल्टला राहायला जागा उरते, असाही एक नियम झाला होता. बोटभर माशासाठी धरणाचं पाणी! दक्षिणेकडे ओढलेल्या त्या पाण्यावर जगणाऱ्या बागायतदारांचा संताप आपल्यालाही कळू शकतो. जगातले सुमारे ऐंशी टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि त्यांचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक भारत आहे. परीक्षेच्या दिवसांत आपण पोराच्या हातावर जे भिजवलेले बदाम ठेवतो, त्यांच्या पाण्याचा हा वाद. फक्त एवढंच की, नदीचं गोडं पाणी खाली गेलं नाही तर समुद्र वर सरकतो आणि बागायतदारांच्याच पंपांच्या तोंडाशी खारं पाणी येतं. पण अशा तपशिलांनी सभा गाजत नाहीत.

सत्तेवर आल्या दिवशीच ट्रम्प यांनी आदेश काढला. त्याच्या शीर्षकातच माशांपेक्षा माणसं मोठी असल्याची ग्वाही होती. आणि जानेवारीच्या अखेरीस, आगी आटोक्यात आल्यावर, लष्कराच्या अभियंता दलाने टर्मिनस आणि शेफर या दोन धरणांचे दरवाजे उघडले. स्थानिक पाणीवाल्यांना ऐनवेळी कळवलं. आपल्याकडे निदान किती क्युसेक सोडणार ते आधी जाहीर होतं. खालच्या लोकांनी पुराच्या भीतीने आरडाओरडा केला, तेव्हा विसर्ग कमी करण्यात आला. तरी तीन दिवसांत 830 कोटी लिटर, म्हणजे आपल्या हिशेबात पाव टीएमसीहून थोडं जास्त पाणी गेलं. राष्ट्राध्यक्षांनी वाहत्या पाण्याचा फोटो टाकून त्याच्या सौंदर्याची तारीफ केली. फोटो खरोखरच छान होता.

आता पाणी गेलं कुठे? ही दोन्ही धरणं कावीया आणि ट्यूल या नद्यांवर. त्या वाहतात तुलारेच्या जुन्या, आटलेल्या तळ्याच्या खोलगटीकडे. तिथून लॉस एंजेलिसला जायचं तर मध्ये डोंगर आडवे, आणि एरवी त्या नद्या त्रिभुज प्रदेशापर्यंतही पोचत नाहीत. त्यामुळे त्या पाण्याने ना कुठली आग विझली, ना कुठला मासा भिजला. ते होतं शेतकऱ्यांच्या उन्हाळी आवर्तनाचं. ऐन हिवाळ्यात, रानाला पाण्याची गरज नसताना, ते सोडून दिलं. माशाने पाणी वाया घालवलं म्हणून ओरडणाऱ्यांनी ते कसं घालवायचं याचा असा नमुना दाखवला, की स्मेल्टच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. सात पिढ्या म्हणजे अवघी सात वर्षं, हे लक्षात घेऊनही.

आरोपीचं म्हणाल तर, राज्याच्या मत्स्य खात्याच्या शरद ऋतूतल्या पाहणीत 2018 पासून सलग काही वर्षं जाळ्यात एकही डेल्टा स्मेल्ट आला नाही. डिसेंबर 2021 पासून हौदांत वाढवलेले मासे आणून नदीत सोडले जात आहेत.