माहितीदार पुरे, अभ्यासक हवेत

वसईत संशोधक येतात. लिस्बनहून येतात, दिल्लीहून येतात. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंती मोजतात, नंदाखाल-निर्मळच्या बाजूला म्हाताऱ्या बायकांकडून लग्नातली गाणी ऐकून घेतात, पाचूबंदरला कोळ्यांशी बोलतात. आपण त्यांना चहा देतो, सुकेळी देतो, तास न् तास बोलतो. ते परत जातात, प्रबंध लिहितात, डॉक्टर होतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आपण पिढ्यान् पिढ्या नुसती माहिती पुरवत राहायचं, हे मला मान्य नाही.

आपल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावं, आणि तेही भारदस्तपणे घ्यावं. सांस्कृतिक अभ्यासातली संयुक्त आंतरराष्ट्रीय पीएचडी करावी. विद्यार्थी एक, प्रबंध एक, मार्गदर्शक दोन. एक इथला, एक तिथला. दोन्ही विद्यापीठांत राहून काम करायचं आणि दोघांच्या मुद्रेची एकच पदवी घ्यायची. ही कल्पना हवेतली नाही. युरोपीय संघाच्या एरास्मुस मुंडुस योजनेत इटलीतल्या बेर्गामो विद्यापीठाच्या पुढाकारानं सांस्कृतिक अभ्यासाची अशीच संयुक्त पीएचडी उभी राहिली आणि दिल्लीचं जेएनयू तिच्यात भागीदार होतं.

दिल्लीला ती सोय म्हणून हवी असेल, वसईला ती गरज म्हणून हवी आहे. कारण वसईचे कागदच दोन देशांत विखुरले आहेत.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे पाच वर्षांचा बराचसा हिशेब पोर्तुगीज भाषेत आहे. सिमाँव बोतेल्यो यानं १५५४ मध्ये तयार केलेल्या महसुली दप्तरात वसईचं उत्पन्न मांडलेलं आहे. आंतोनियो बोकार्रोच्या १६३५ च्या ग्रंथातला वसईचा नकाशा पोर्तुगालमध्ये एव्होरा शहराच्या ग्रंथालयात आहे. सरकारी पत्रव्यवहार लिस्बनच्या आणि पणजीच्या दप्तरखान्यांत आहे. मराठ्यांच्या बाजूची पत्रं मोडीत आहेत आणि ती पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात काढलेल्या निवडक खंडांत वसईच्या मोहिमेला एक स्वतंत्र खंड आहे.

मोडी वाचणाऱ्याला पोर्तुगीज येत नाही. पोर्तुगीज वाचणाऱ्याला मोडी येत नाही. दोन्ही येणारा पांडुरंग पिसुर्लेंकरांसारखा विद्वान क्वचितच जन्मतो, आणि त्यालाही वसईतली आपली कादोडी बोली येतेच असं नाही. मोडी, पोर्तुगीज आणि कादोडी या तिन्हींत वावरणारी व्यक्ती वसईतच तयार होऊ शकते, कारण तिसरी भाषा कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. ती घरात मिळते.

विषय शोधायला लांब जायला नको. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे, तिच्यावर १७०७. वसईच्या विजयानंतर आणलेल्या चर्चच्या घंटा म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्या कुठे ओतल्या गेल्या? कुठल्या चर्चच्या? कोणी वाहून नेल्या? देवळात टांगताना काय विधी झाले? ज्यांच्या चर्चमधून त्या उतरल्या त्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुढे काय केलं? आज वसईचा कुपारी ख्रिस्ती माणूस नाशिकला जाऊन ती घंटा पाहतो तेव्हा त्याच्या मनात काय येतं? पहिल्या दोन प्रश्नांना लिस्बन हवं, मधल्या दोनांना पुणे हवं, शेवटच्या दोनांना वसईच हवी. हा प्रबंध एका विद्यापीठाच्या आवाक्यातला नाही.

दुसरा विषय घ्या. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, मनिलात फ्रान्सिस्कन झाले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. वसईत त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. सोळाव्या शतकातल्या वसईच्या एका मुलाचं आयुष्य तीन देशांत पसरलं होतं. ते मांडणारा अभ्यासक एका देशात बसून चालणार नाही.

आणि तिसरा विषय तर रोज डोळ्यांसमोर आटतो आहे. कादोडी, वाडवळी, कोळ्यांची बोली. लग्नगीतं, लाल लुगडं, राजेळी केळ्यांची सुकेळी करायची रीत, कार्तिकातली निर्मळची जत्रा. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती. बाहेरून आलेल्या लाखो माणसांनी हे शहर वाढवलं आणि त्यांचंही इथे घर आहे. विरार लोकलच्या डब्यात ज्या नव्या ओळखी, नव्या भाषा आणि नवी भजनी मंडळं तयार झाली, तोही सांस्कृतिक अभ्यासाचाच विषय आहे. बर्मिंगहॅममध्ये १९६४ साली या विद्याशाखेचं केंद्र उभं राहिलं तेव्हा तिचा आग्रह हाच होता की साध्या माणसांचं रोजचं जगणं विद्यापीठानं गंभीरपणे अभ्यासावं. त्या केंद्राला नाव मिळवून देणारे स्टुअर्ट हॉल जमैकाहून, म्हणजे वसाहतीतूनच आले होते.

नियम आडवे येतात, ही सबब आता चालणार नाही. यूजीसीनं मे २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त पदवी देण्याचे नियम काढले. भारतीय विद्यापीठाला नॅकचे किमान ३.०१ गुण असले तर पुरे. परदेशी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवं. पीएचडीसाठी दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एकेक सत्र आणि प्रबंध एकच. मुंबई विद्यापीठाला नॅकनं २०२१ मध्ये ३.६५ गुण आणि ए प्लस प्लस श्रेणी दिली. वसई-विरारची महाविद्यालयं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. पलीकडे कोइंब्रा विद्यापीठ पोर्तुगीज प्रभावाच्या वारशावर पीएचडीचा स्वतंत्र कार्यक्रम उभा करून बसलं. दार दोन्ही बाजूंनी उघडता येतं. वसईच्या इतिहास-संस्कृतीसाठी असा करार मुंबई विद्यापीठानं करावा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी दिल्लीकडे आहे आणि ती करताना मला राग येतो. सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक कलम आलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. भारताचा अभ्यास भारतातच होऊ शकतो, हा त्यामागचा तर्क. तो तर्क वसईच्या किल्ल्याच्या दारातच कोसळतो, कारण किल्ल्याचा नकाशा एव्होराला आहे.

आणि तर्क बाजूला ठेवू. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला. आजच्या कलमाखाली तो विषय बसला नसता. ज्यांच्या पूर्वजांना इतिहास लिहिण्यापासून दूर ठेवलं, त्यांच्याच मुलांना इतिहास आणि संस्कृती सोडून दुसरं काहीही शिका म्हणायचं, हा अन्याय आहे. ते कलम काढून टाका.

तिसरी मागणी घरांकडे. मुलीनं इंजिनीअरिंग सोडून संस्कृतीचा अभ्यास करायचं म्हटलं की घरात शांतता पसरते. पालकांची भीती खोटी नाही. महाराष्ट्रात पीएचडी झालेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, हे त्यांना दिसतं. नोकरीची हमी मीही देऊ शकत नाही. पण तयारी विशीत सुरू झाली तर वाट रुंद होते. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेचं कार्यालय आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे आणि मोडी शिकायला एक उन्हाळी सुट्टी सुरुवातीला पुरते. पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचता येणाऱ्या तरुणाला दप्तरखाने, संग्रहालयं आणि वारसा-जतनाच्या कामात किंमत आहे, कारण अशी माणसं फार कमी आहेत. कादोडी येते म्हणून लाजणाऱ्या मुलाला घरानं एवढं तरी सांगावं की तुझ्याजवळ जे आहे ते जगातल्या कुठल्याही प्राध्यापकाला विकत मिळणार नाही.

चौथी मागणी खुद्द अभ्यासकांकडे, आपल्याही आणि परक्याही. प्रबंध इथे परत आणा. उत्तर प्रांताच्या, म्हणजे आपल्या फिरंगाणाच्या, १५२१ ते १७३९ मधल्या संरक्षणव्यवस्थेवर सिद्ध लोझा मेंदिरत्ता यांनी २०१२ मध्ये कोइंब्राला मोठा प्रबंध सादर केला. तो पोर्तुगीजमध्ये आहे. वसई, अर्नाळा, तांदुळवाडीच्या रस्त्यांवर वाढलेल्या मुलाला तो वाचता येत नाही. यात त्या अभ्यासकाचा दोष नाही, व्यवस्थेचा आहे. ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला तेव्हा वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला, म्हणून पुढच्या मराठी अभ्यासकांना तो हाताशी मिळाला. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं आणि साहित्य अकादमीनं त्या कामाचा सन्मान केला. ही परंपरा आपल्या गावातही आहे, तिला फक्त नियमाचं बळ हवं. संयुक्त पीएचडीच्या करारातच तीन अटी लिहा: प्रबंधाचा सविस्तर मराठी सारांश, ध्वनिमुद्रणांची एक प्रत वसईतल्या ग्रंथालयात, आणि तोंडी परीक्षेनंतर वसईत मराठीतून एक जाहीर व्याख्यान. आजीनं गायलेलं गाणं लिस्बनच्या सर्व्हरवर आहे आणि तिच्या नातीला ते ऐकायला मिळत नाही, असं यापुढे होता कामा नये.

परक्यांना अडवा, असं मी म्हणत नाही. येऊ द्यात, आणखी येऊ द्यात. पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, त्यांच्याच दर्जाचा अभ्यासक म्हणून, गासचा, भुईगावचा, नालासोपाऱ्याचा, अर्नाळ्याचा कोणीतरी बसलेला हवा. वसईवरचा पुढचा मोठा प्रबंध वसईच्या माणसानं लिहावा, दोन देशांतल्या विद्यापीठांनी तो कसून तपासावा आणि वसईनं तो मराठीत वाचावा. याहून कमी काही आपण स्वीकारू नये.