कोसळण्याचा शिष्टाचार

एखादी गोष्ट अकस्मात बिघडली, बुडाली, फुटली अथवा भर सभेत आडवी झाली, की इंग्रजी भाषेच्या जामदारखान्याची कुलुपे धडाधड उघडतात आणि क्रॅश, कोलॅप्स, ब्रेकडाऊन, फ्लॉप, फियास्को, स्लम्प अशी शब्दांची एक फौजच्या फौज बाहेर पडते. हे सारे शब्द समानार्थी आहेत असे समजून ते वाटेल तेथे वापरणाऱ्या भाबड्या मनुष्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की यांपैकी कोणता शब्द योजावयाचा हे पडझड किती झाली यावरून क्वचितच ठरते; ती कोणाच्या अंमलात झाली आणि नुकसानीचा भुर्दंड कोणाच्या खाती पडावयाचा, यावर पुष्कळदा सारे अवलंबून असते.

शेअरबाजाराचेच पाहा. 1929 च्या ऑक्टोबर महिन्यात, 28 आणि 29 या लागोपाठच्या तारखांना, न्यूयॉर्कच्या बाजारात डाऊ जोन्स निर्देशांकाचा जवळजवळ चतुर्थांश भाग नाहीसा झाला, आणि या घटनेस जगाने ‘क्रॅश’ म्हटले. वास्तविक हा शब्द काहीतरी फुटल्याच्या आवाजावरून आलेला. पण त्या दिवसांत भाव छापणाऱ्या टिकर यंत्राची कागदी पट्टी प्रत्यक्ष व्यवहारांच्या मागे तासन् तास रेंगाळत होती, त्यामुळे कित्येक सद्गृहस्थ भिकेला लागल्यानंतरही बराच वेळ स्वतःस श्रीमंत समजत बसले होते. तेथून दलालमंडळी शहाणी झाली. हल्ली बाजार शिखरापासून दहा टक्के खाली आला, की ते त्यास ‘करेक्शन’, म्हणजे दुरुस्ती, म्हणतात. आमची मिळकत म्हणजे लेखनिकाच्या हातून झालेली एक चूक होती आणि ती आता खोडून टाकली आहे, असा या शब्दाचा सरळ अर्थ होतो. ज्याचे पैसे गेले तो ‘बुडालो’ म्हणतो. ज्याने दलाली घेतली तो ‘दुरुस्ती झाली’ म्हणतो. आणि वर्तमानपत्रे दुसऱ्याचेच ऐकतात.

या कलेतील अत्युच्च शिखर मात्र अग्निबाणवाल्यांनी गाठले आहे. 20 एप्रिल 2023 रोजी टेक्सासच्या किनाऱ्यावरून उडालेले स्पेसएक्स कंपनीचे स्टारशिप हे प्रचंड यान सुमारे चार मिनिटांनी आकाशात गिरक्या घेत फुटले. सुदैवाने आत मनुष्य नव्हता, म्हणून हसण्यास हरकत नाही. या प्रसंगाचे कंपनीने केलेले वर्णन ‘रॅपिड अनशेड्यूल्ड डिसअसेम्ब्ली’ असे होते, अर्थात ‘त्वरित व नियोजनबाह्य सुटे होणे’. हा त्या धंद्यातला जुनाच थट्टेचा प्रयोग आहे हे मान्य केले, तरी त्यातील ‘नियोजनबाह्य’ या विशेषणापुढे आमच्यासारख्या दप्तरी भाषेवर पोसलेल्या मनुष्याने हात जोडावेत हेच योग्य. कारण यान फुटण्याचेही एक मंजूर वेळापत्रक असून या खेपेस ते पाळता आले नाही, एवढाच काय तो कसूर, असे त्यातून सूचित होते.

या पार्श्वभूमीवर जुन्या संगणकांची सचोटी डोळ्यांत भरते. युनिक्स प्रणालीच्या कर्त्यांनी, पुढे जाणे अशक्य झाले असता चालवावयाच्या आज्ञावलीस सरळ ‘पॅनिक’ असे नाव दिले. 1984 च्या मॅकिंटॉशवर वात पेटलेल्या बॉम्बचे चित्र येई. त्यानंतर वर्षभराने आलेला अमिगा संगणक तर काळ्या पडद्यावर तांबडी चौकट आखून ‘गुरू मेडिटेशन’ असे जाहीर करी. यंत्र बंद पडलेले नसून गुरुजी ध्यानस्थ बसले आहेत, ही कल्पना अमेरिकन माणसास सुचावी आणि आम्हांस सुचू नये, याचे मला आजही वैषम्य वाटते.

विंडोज 95 ने मात्र या व्यवहारात फौजदारी आणली. कार्यक्रमाने बेकायदेशीर कृत्य केले असून तो बंद करण्यात येत आहे, असे फर्मान तीत निघे. ना पंचनामा, ना जबाब, आरोपी परस्पर बरखास्त! आमच्या शेजारच्या एका निवृत्त शिरस्तेदारांनी हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली आणि हलक्या आवाजात मला विचारले, “अहो, आपलं नाव कुठं नोंदलं गेलं नसेल ना?”

पुढे 2012 साली विंडोज 8 आली आणि यंत्र कोलमडल्यावर दिसणाऱ्या निळ्या पडद्यावर एक रडवेला चेहरा अवतरला. संस्थेत अफरातफर झाल्यावर खुलासा मागावयास आलेल्या सभासदांपुढे चिटणिसाने ओठ काढून दाखवावेत, तसा हा प्रकार मला वाटतो. क्राउडस्ट्राइक नामक कंपनीच्या सदोष सुधारणेमुळे 19 जुलै 2024 रोजी, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे 85 लाख यंत्रे कोलमडली, तेव्हा जगभरच्या विमानतळांवर हाच चेहरा झळकला आणि आपल्या देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. या सर्वांस लावलेला शब्द होता ‘आउटेज’. त्यात कर्ता नाही आणि कर्म तर नाहीच नाही.

आमच्या मराठी मुलखात ‘हँग’ हा शब्द फोनपासून डोक्यापर्यंत सर्वांस लागू असला, तरी खरा राजमान्य शब्द ‘डाऊन’ हाच होय. पूर्वी सातबाऱ्याचा उतारा द्यावयाचा नसेल तर कारकुनास दरवेळी नवे निमित्त शोधावे लागे. साहेब फिरतीवर आहेत, कपाटाची किल्ली घरी राहिली, शिक्का सापडत नाही, यांत काही कल्पकता तरी होती. परवा एका कचेरीत मी खिडकीशी उभा राहिलो तेव्हा आतून चहाचा घोट घेऊन उत्तर आले, “सर्व्हर डाऊन आहे, काका. उद्या या.”

“उद्या सुरू होईल का?”

“ते मी कसं सांगणार? सर्व्हर काय माझ्या हाताखाली आहे?”

या उत्तरास तोड नाही, हे मी तेथेच कबूल केले. तथापि माझे मत विचाराल तर या सबंध कोशात प्रामाणिक शब्द एकच, आणि तो म्हणजे ‘पॅनिक’. लिनक्स प्रणालीत तो आजतागायत नांदतो आहे: पुढे सुरक्षितपणे चालणे अशक्य झाले, की ‘कर्नेल पॅनिक’ एवढे लिहून ती जागच्या जागी थांबते, आणि कोणासही उद्या या म्हणून सांगत नाही.