आवक-जावक काका

सोसायटीला एक वेळ सेक्रेटरी नसला तरी चालतं, पण एक निवृत्त हेडक्लार्क लागतोच. आमचे काका जिल्हा परिषदेतून रिटायर झाले, पण टेबल काही सुटलं नाही. पूर्वी टेबलावर अर्ज यायचे, आता ई-मेल येतात.

‘प्रिय ग्राहक, आपले केवायसी अपूर्ण आहे. २४ तासांत सिम बंद होईल. खालील लिंकवर क्लिक करा.’ असलं काही आलं की आपण दचकतो, नाहीतर डिलीट करतो. काका प्रिंट काढतात. कोपऱ्यात टाचणी लावतात आणि समासात लाल शाईनं शेरे मारतात : ‘जावक क्रमांक नाही.’ ‘प्रिय ग्राहक म्हणजे कोण? नाव नमूद नाही.’ ‘सहीखाली हुद्दा नाही.’ पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘ओ’च्या जागी शून्य घुसवलेलं असतं. ते आयटीतल्या पोरांच्या नजरेतून सुटतं; बोगस दाखले तपासण्यात हयात गेलेल्या काकांच्या नाही. घाईला तर ते मुळीच बधत नाहीत. “२४ तासांत बंद? अहो, आपण स्वतः अर्ज केला तरी बंद करत नाहीत!”

इथवर सगळं झकास. पण आलेल्या कागदाला उत्तर न देणं काकांच्या रक्तात नाही. ‘विषयांकित प्रकरणी वरील त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा,’ असं ते त्या भामट्याला रीतसर कळवतात. पत्ता चालू आहे आणि पलीकडे माणूस बसलाय, एवढं कळलं तरी भामट्यांना पुरतं. आता वीजबिल, पार्सल, लॉटरी, सगळ्या खात्यांचा पत्रव्यवहार काकांकडेच येतो. “व्याप वाढलाय हो,” असं ते तक्रारीच्या सुरात म्हणतात, पण चेहऱ्यावर बढतीचं तेज असतं.

मुलानं परोपरीनं समजावलं, “बाबा, उत्तर देऊ नका. मेल स्पॅममध्ये टाका. एसएमएस किंवा फोन आला तर संचार साथीच्या ‘चक्षू’वर कळवा. पैसे गेलेच तर लगेच १९३०.” काकांनी १९३० गॅस एजन्सीच्या नंबराखाली भिंतीवर लिहून घेतला आणि विचारलं, “जावक नोंद कुठं करायची?”

खरी पंचाईत खऱ्या बिलाची. त्यावर नाव बरोबर, नंबर बरोबर, रक्कमही बरोबर. काकांचा शेरा : ‘इतकी बिनचूक माहिती बाहेर गेलीच कशी? अधिक संशयास्पद.’ मग फाईल बगलेत मारून स्वारी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत.

“काका, अ‍ॅपवर भरा ना,” काउंटरवरची मुलगी म्हणते.

“अ‍ॅप कुणाच्या सहीनं आलं?”

पैसे रोख भरायचे आणि पावतीवर शिक्का मागायचा, हा दर महिन्याचा शिरस्ता. गॅलरीत शिक्का नव्हताच. शेवटी तिथल्या पोरांनी वर्गणी काढून ‘रक्कम प्राप्त’ असा एक बनवून घेतला. काकांनी तो उलटा धरून नीट तपासला आणि तारखेला जागा नाही म्हणून परत पाठवला.