झाडू तुमचा, सही आमची

मुंबईत आपल्या गल्लीचे भले करण्याची रहिवाशांना पूर्ण मुभा आहे. फक्त निर्णय तेवढे घेऊ नयेत. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या लोकांनी एकत्र येऊन ओला-सुका कचरा वेगळा केला, गल्ली चकाचक केली, आणि महापालिकेला ते इतके आवडले की १९९७ मध्ये तिने त्याची योजनाच केली: प्रगत परिसर व्यवस्थापन, ऊर्फ एएलएम. म्हणजे कचरा रहिवाशांनी वेगळा करायचा, खतही त्यांनीच करायचे, नाठाळ शेजाऱ्याची समजूतही त्यांनीच काढायची. निधी, कंत्राट आणि बिलावरची सही मात्र पालिकेकडे. त्यामुळे निवृत्त काका-काकूंनी निगुतीने वेगळ्या ठेवलेल्या हिरव्या-निळ्या डब्यांचे गाडीत पुन्हा मीलन झाले, तर जाब कोणाला विचारायचा, हे योजनेत बसत नाही.

मग निर्णयातही रहिवाशांना वाटा द्या म्हटले, की आक्षेप ठरलेला: या मंडळींना निवडून कोणी दिले? मोजके सुखवस्तू लोक, फेरीवाला दिसला की अर्ज खरडणारे! आक्षेपात तथ्य आहे, बरेच आहे. पण त्याचा उतारा महापालिका कायद्यातच आहे. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभा, म्हणजे त्या त्या भागातल्या सगळ्या मतदारांची सभा, आणली. तिथे झोपडीतल्या मतदारालाही इमारतीतल्याइतकीच जागा. ही सभा मात्र बहुतांशी कागदावरच राहिली. शिवाय निवडून आलेल्यांचे एवढे अगत्य असते, तर मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईचा कारभार नगरसेवकांविना, प्रशासकाच्या हाती राहिला नसता. लोकसहभागाची आवाहने तेव्हाही जोरात होती म्हणा.